सशर्त संमती

विद्यापीठाची मानद पदवी नाकारायची असेल तर नियमांप्रमाणे दोन मार्ग होते. एक, तसं लिहून कळवायचं. दुसरा, पंधरा दिवस काहीच कळवायचं नाही. छोटी त्या रविवारी दुपारी तिसरा मार्ग पिशवीत घालून घेऊन आली, आणि गंमत म्हणजे तिला तो होकार वाटत होता.

छोटी सहासष्ट वर्षांची होती. पण दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठे होते आणि अजून हिंडतेफिरते होते, तेव्हा तिची छोटीपणातून सुटका नव्हती. जेवणं उरकली, वहिनींनी टेबल पुसलं, तसं तिने ते आपल्या रुमालाने पुन्हा एकदा कोरडं केलं, कागद पसरला आणि चष्मा लावला. टेबलाभोवती दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं बसली होती. थोरली विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. धाकटा दातांचा डॉक्टर होता आणि समोरच्याचं तोंड बंद असलं की त्याला चैन पडत नसे.

"सगळे ऐका, मग बोला," छोटी म्हणाली. "दादा, तू तर मध्ये तोंड उघडूच नकोस. शेवटी फक्त मायना बरोबर आहे का सांग."

मग तिने वाचलं. "माननीय कुलसचिव यांस. अंध मुलांसाठी हाताने वाचायचे नकाशे करण्याच्या माझ्या कामाबद्दल आपण मला मानद डॉक्टरेट देऊ करता, त्याबद्दल मी आभारी आहे. ती मी एका अटीवर स्वीकारीन. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी आपल्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा नकाशाशास्त्राचा पेपर दिला. पूर्ण तीन तास बसून दिला. तो तपासलाच गेला नाही आणि मला अनुपस्थित दाखवलं गेलं. आधी तो पेपर तपासा आणि मला माझी साधी पदवी द्या. मग मोठी खुशाल द्या. कळावे."

"फर्स्ट क्लास!" धाकट्याने टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात पत्र!"

थोरलीने कपाळाला हात लावला. "आत्या, हे पाठवू नकोस गं. उद्या पाच वाजता मुदत संपते. हे पत्र गेलं की विषय संपला."

"का संपला? मी घेते म्हणतेय की."

"अट घालून घेते म्हणतेयस. नियमात स्पष्ट लिहिलंय. संमती विनाअट असली पाहिजे. सशर्त संमती हा नकार समजण्यात येईल."

"कोणी लिहिलाय असला नियम?"

सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. दादा समोरच्या मिठाच्या डबीचं झाकण घट्ट लावत बसले होते. ते आधीच घट्ट होतं.

दादांनी नोकरीची अडतीस वर्षं विद्यापीठात काढली. त्यातली पहिली सव्वीस परीक्षा विभागात आणि शेवटची बारा नियम कक्षात. पदव्या कोणाला द्यायच्या, कोणाच्या काढून घ्यायच्या, नापासाला किती वेळा बसू द्यायचं, परीक्षेच्या दालनात अर्ध्या तासानंतर आलेल्याला का घ्यायचं नाही, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. घरात पाठीमागे त्यांचं नाव 'परिपत्रक' होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. मुलं लहान असताना सिनेमाला जायचं तरी त्यांना लेखी विचारावं लागायचं, असं धाकटा अजून सांगतो. त्यात तिखटमीठ बरंच आहे, पण अगदीच खोटं नाही.

"समजू दे नकार!" धाकटा म्हणाला. "पेपर यांनी गहाळ करायचा आणि अट मात्र हिने घालायची नाही? चोर तो चोर, वर शिरजोर!"

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने पाण्याचा पेला उचलला. "दादा, तुम्हाला नाही म्हणालो मी."

"मलाच म्हणालास," दादा म्हणाले. "आणि बरोबर म्हणालास."

ही गोष्ट घरात कोणापासून लपलेली नव्हती. परीक्षा विभागातल्या माणसाचं जवळचं कोणी परीक्षेला बसलं तर त्याने तसं लिहून द्यायचं आणि त्या उत्तरपत्रिकेपासून चार हात लांब राहायचं, असा नियम होता, आजही आहे. तेव्हा पंचविशीतल्या, नोकरीत नवख्या दादांनी तो पाळायचा तसा तर पाळलाच, पण त्याच्याही पुढे गेले. शेवटच्या दिवशी सगळ्या गठ्ठ्यांत बहिणीची उत्तरपत्रिका टेबलावर आलेली दिसली. ती रात्रभर उघड्यावर राहिली आणि उद्या कोणी म्हणालं की भावाने हात मारला, तर? म्हणून त्यांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर लाखेचं सील मारलं, ते कोपऱ्यातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली चिठ्ठीसह साहेबांच्या खणात टाकली. साहेब दुसऱ्या दिवसापासून आजारी पडले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने तो खण चार महिने उघडला नाही.

दादांनी विचारायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या पेपरबद्दल चौकशी करणार नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि लिहून दिलेलं मोडायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पाकीट परीक्षकाकडे गेलंच असणार असं ते धरून चालले. निकालात बहीण अनुपस्थित दिसली, तिने अर्ज केला, शोधाशोध झाली, तेव्हाही ते जीभ चावून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. कपाट उघडलं तेव्हा निकालानंतर तपासायची साठ दिवसांची मुदत टळून गेली होती. त्या संध्याकाळी दादांनी घरी येऊन छोटीला सगळं सांगितलं. ती वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. पुन्हा परीक्षेला बस म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, तेव्हा तिने एकच उत्तर दिलं होतं: एकदा लिहिलेला पेपर मी पुन्हा लिहिणार नाही.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. यापुढचं फक्त दादांना ठाऊक होतं.

ते पाकीट नियमाप्रमाणे कार्यालयातच राहून वर्षाने नष्ट व्हायला हवं होतं. ते दादांनी घरी आणलं. अडतीस वर्षांत मोडलेला तो एकच नियम. आणि आणलं ते चांगल्या हेतूने आणलं. कोणा जाणत्याकडून पेपर तपासून घ्यावा, गुण घेऊन थेट कुलगुरूंच्या पायाशी जावं, विशेष बाब म्हणून हातापाया पडावं, असं त्यांच्या मनात होतं. भूगोलाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पेपर तपासूनही दिला. पास व्हायला पस्तीस लागायचे. छोटीला एकतीस मिळाले होते.

कुलगुरूंकडे जायचं कारणच उरलं नाही. तेव्हापासून पाकीट दादांच्या खोलीत, जाडजूड नियमपुस्तकांच्या मागे होतं. लोक भावाने बहिणीची पदवी बुडवली म्हणायचे, ते दादा ऐकून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ त्यांची नव्हती, छोटीची होती, आणि ती त्यांनी चव्वेचाळीस वर्षं आपल्या हातात आवळून धरली होती. आता ती हात दुखवायला लागली होती.

"आत्या, माझं ऐक," थोरलीने खुर्ची जवळ ओढली. "तुझं नाव समितीत निघालं तेव्हा मी उठून बाहेर गेले. भाची आहे म्हणून लिहून दिलं. बाहेर बाकावर तासभर बसले होते. आत काय झालं ते नंतर कळलं. एकही हात विरोधात नाही. असं होत नाही गं विद्यापीठात, तिथे चहात साखर किती यावरही दोन गट पडतात."

"मग पेपर तपासा म्हटलं तर तेही करतील."

"कुठून करतील? पेपर एका वर्षानंतर नष्ट करतात. नसलेली वस्तू तपासणार कशी?"

"ते त्यांचं ते बघतील." छोटीने चष्मा काढला. "तुम्हा मुलांना वाटतंय म्हातारीला हट्ट सुटलाय. सांगते. मी कुठल्याही शाळेत नकाशे घेऊन गेले की मुख्याध्यापक विचारतात, बाई, तुमचं शिक्षण? मी सांगते, पदवीचा एक पेपर राहिला, माझ्या चुकीने नाही. चव्वेचाळीस वर्षं हेच. 'माझ्या चुकीने नाही' म्हटल्याशिवाय मला वाक्य पुरं करता येत नाही. आता त्यांनी डॉक्टरेट दिली तर लोक म्हणतील, बिचारीला पदवी नव्हती म्हणून फुकटची दिली. मला फुकटची नको. माझी मी कमावलेली आहे, ती त्यांच्याकडे पडून आहे. ती द्या म्हणावं."

धाकटा खुर्चीत पुढे सरकला. मघाशी आत्याच्या बाजूने उडी मारली खरी, पण उद्या पाच वाजता काय होणार हे त्यालाही कळत होतं. "आत्या," तो चाचरत म्हणाला, "आधी घेऊन टाकलीस आणि नंतर भांडलीस तर?"

"वा रे वा! मघाशी टाळ्या वाजवत होतास."

"पत्राला वाजवल्या होत्या. परिणामाला नव्हत्या."

"सगळे एका माळेचे मणी," छोटी म्हणाली, पण हसली. "दादा, मायना बरोबर आहे ना? मग मी पाकिटात घालते."

"थांब जरा," दादा म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायला जातोय असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं.

वहिनी ओट्याशी बटाटे सोलत उभ्या होत्या. संध्याकाळचे बटाटे दुपारी दोनला सोलायचं काही कारण नव्हतं. टेबलावरून त्या कधी उठल्या ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

दादांनी पेला ओट्यावर ठेवला. "काय सांगायचं?"

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे आता पुरे. घर बदललं तेव्हा तुमची पुस्तकं मी आवरली होती. मागे पाकीट होतं. वर तिचं नाव आणि बैठक क्रमांक होता. मी उघडलं नाही, पण सील आधीच फुटलेलं होतं. म्हणजे कोणीतरी वाचलं होतं."

"बावीस वर्षं झाली घर बदलून."

"हो. बावीस वर्षं मी वाट बघतेय. पेपरात ती पास असती, तर तुम्ही हे घर डोक्यावर घेतलं असतं. गप्प बसलात, त्यातच मला उत्तर मिळालं." वहिनींनी सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "तुम्ही तिच्यावर फार माया केलीत हो. पण माया करताना तिला विचारलं नाहीत. जा आता. ती पाकिटाला गोंद लावेल तेवढ्यात जा."

दादा खोलीत गेले. पुस्तकं बाजूला करायला त्यांना वेळ लागला, कारण पुस्तकं खरंच जाड होती. त्यातली निम्मी त्यांनीच लिहिलेली होती. परत आले तेव्हा छोटीने पत्राची घडी घातली होती. त्यांनी पिवळं पडलेलं पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि बसायचं सोडून ते खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.

"हा तुझा पेपर," ते म्हणाले. "नष्ट झाला नाही. मी ठेवला होता. आणि तपासलेला आहे."

छोटीने पाकिटाकडे पाहिलं, मग भावाकडे. तिचा चेहरा आधी उजळला. तेच दादांना बघवेना. "तपासलेला? म्हणजे तू... अरे, मग इतकी वर्षं तू..." तिने घाईघाईने उत्तरपत्रिका बाहेर काढली. पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा लिहून त्याला गोल केला होता.

तिने तो वाचला. पुन्हा वाचला. पान उलटलं.

सबंध पानभर नकाशा होता. डोंगराच्या उंचीच्या रेषा केसासारख्या बारीक, एकीला दुसरी कुठे चिकटलेली नाही. दरी, दोन वाड्या, पूल, आणि एक नदी, अर्ध्यापर्यंत निळी. खाली पेन्सिलीत परीक्षकांचा शेरा होता: 'पंचवीसपैकी चोवीस. नकाशा भिंतीवर लावावा असा. पण चारपैकी दोन प्रश्न सोडवलेलेच नाहीत, एक अर्धवट आहे. एकूण एकतीस.'

"हे खोटं आहे," छोटी म्हणाली. "मी चारही लिहिले होते. मला स्वच्छ आठवतंय."

तिने पानं उलटली. एक अर्धं भरलेलं होतं. पुढची कोरी होती. ती कोरी पानंही तिने एकेक करून शेवटपर्यंत उलटली. मग ती परत नकाशावर आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"घंटा झाली तेव्हा मी नदी रंगवत होते," ती हळूच म्हणाली. "पर्यवेक्षक हातातून पेपर ओढत होते, आणि मी म्हणत होते, थांबा हो, पुलापर्यंत तरी येऊ द्या." निळी नदी जिथे संपत होती तिथे तिने बोट ठेवलं. "हे मी कसं विसरले?"

थोरलीने नकळत हात पुढे करून ते पान उचललं आणि पाठीमागून बोट फिरवलं. रेषा कागदातून उमटून पलीकडे आल्या होत्या. डोळे मिटून डोंगर चढता आला असता. "आत्या, बघ ना, तू तेव्हापासूनच हाताने वाचायचे..."

"गोष्टी रचू नकोस," आत्या फटकन म्हणाली. "निब बोथट होती, म्हणून दाबून काढावं लागलं." आणि ती भावाकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"त्याच वर्षी. पाकीट सापडल्यावर दोन महिन्यांनी."

"म्हणजे पुढची परीक्षा व्हायची होती."

"हो."

"चार गुण, दादा. चारच गुण हवे होते मला! नापास झालीस म्हणाला असतास तर मी रडले असते, तुझ्यावर दोन ताटं फेकली असती, आणि मान खाली घालून अभ्यासाला बसले असते. सहा महिन्यांत सुटले असते रे मी. मी परत बसले नाही, कारण मला वाटायचं मी पास आहे!"

"हो," दादा म्हणाले.

"सगळे म्हणायचे, पाकीट हरवून दादाने तुझी पदवी घालवली. ते मी तुला कधीच माफ केलं होतं. पाकीट कोणाच्याही हातून हरवतं. पण हे? तू मला नापाससुद्धा होऊ दिलं नाहीस."

धाकटा उसळला. "दादा, हे म्हणजे कमालच झाली! अहो, हिचं सगळं आयुष्य..."

"त्यांच्यावर ओरडू नकोस," थोरली त्याच्यावर धावली. "चव्वेचाळीस वर्षं लोकांचं ऐकून घेतलंय त्यांनी. तू एक दिवस तरी घेतलं असतंस?"

"ऐकून घेतलं म्हणून बरोबर ठरतं का?"

"गप्प बसा दोघंही," दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या. "हे त्या दोघांचं आहे. तुमचा जन्मही झाला नव्हता."

दादांनी खुर्चीची पाठ सोडली. "तू वर्षभर माझ्याशी बोलत नव्हतीस, छोटी. आठवतंय? आकडा माझ्या खिशात होता आणि तू समोरून उठून जायचीस. मग एक दिवस तूच बोललीस. ओसरीवर शेंगा सोलत होतो आपण. म्हणालीस, दादा, जाऊ दे, निदान मला माहीत आहे ना की मी पास होते. आणि हसलीस. वर्षानंतर हसलीस तू." त्यांनी टेबलावरचं पाकीट सरळ करून ठेवलं. "त्यानंतर मला तोंड उघडवेना. मी म्हटलं, राहू दे हिचं एवढं तरी. दोष माझ्यावर आहेच, तो माझ्यावरच राहू दे. पुढे तू नकाशे करायला लागलीस. आनंदात होतीस. मग वाटलं, आता कशाला. पण दर वर्षी परीक्षेचे अर्ज निघाले की मला झोप लागायची नाही. मी चुकलो. पाकिटात नाही चुकलो, त्यानंतर चुकलो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मुलांनी बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. धाकटा उठला, बसावं की जवळ जावं ते न कळून तसाच उभा राहिला, आणि शेवटी त्याने बापाला खुर्चीत बसवलं. त्याचा राग गेला नव्हता, पण हात मात्र त्याने बापाच्या खांद्यावरच ठेवला.

छोटी नकाशाकडे बघत होती. मघाशी पेटलेला चेहरा आता दमलेला दिसत होता. ती खूप चिडली होती, आणि तिला या म्हाताऱ्याची फार कीवही येत होती, आणि या दोन्हींचं एकदम काय करायचं ते तिला समजत नव्हतं. तिने घडी घातलेलं पत्र पुन्हा उघडलं.

"म्हणजे मी त्यांच्याकडे जी मागत होते, ती माझी नव्हतीच," ती म्हणाली. "आणि ते नापास बाईला डॉक्टरेट देतायत. नकाशासाठी!"

"मानद पदवीला परीक्षेची अट नसते," थोरली म्हणाली.

"ते कळलं गं." तिने पेन उघडलं. "नकाशे मीच केलेत ना? ते कोणी तपासायचे राहिलेले नाहीत. शाळेतली पोरं रोज तपासतात. चुकलं की तोंडावर सांगतात, आत्या, तुमचा समुद्र खरखरीत लागतोय." मग तिने 'एका अटीवर' या शब्दांवर रेघ मारली आणि खालचा सगळा मजकूर खोडला. राहिलं ते एवढंच होतं, की मी आभारी आहे आणि ती मी स्वीकारीन.

"खाडाखोड चालणार नाही आत्या, नवा कागद घे."

"चालते," दादा खुर्चीतून म्हणाले. "बाजूला सही केली तर चालते."

छोटीने बाजूला सही केली. मग पेन बंद न करताच तिने विचारलं, "आणि साधी पदवी? ती मिळायचा आता काही रस्ता उरलाय?"

थोरलीने मान हलवली. "आठ वर्षांत पदवी पुरी करावी लागते, आत्या. नाहीतर..." ती मध्येच थांबली. "एक मिनिट. त्या नियमाला खाली एक परंतुक आहे. हा नियम यायच्या आधी ज्यांचा फक्त एकच पेपर राहिला होता, त्यांना मुदत लागू नाही. अगं, आम्ही दर दोन वर्षांनी भांडतो त्याच्यावरून! असा माणूस हयात तरी असेल का, काढून टाका ते वाक्य, म्हणून. कोणी घातलंय तेच कळत नाही, आणि काढायला गेलं की..." तिने बापाकडे पाहिलं. "दादा?"

"तीन बैठका लागल्या ते घालायला," दादा म्हणाले. "फार विरोध झाला."

छोटीने पेन बंद केलं, उत्तरपत्रिका उचलली, टेबलाला वळसा घालून आली आणि ती भावाच्या मांडीवर ठेवली. स्वतः शेजारची खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"आता सांग," ती म्हणाली.

"काय?"

"तेव्हा जे सांगायचं राहिलं ते. निकाल सांग मला. तूच सांग. नीट, पुरा."

"छोटी, आता कशाला..."

"मला तो कोणी सांगितलाच नाही रे. पेन्सिलीने लिहिलेला मी वाचला. तू सांग."

दादांनी डोळे पुसले. शर्टाची बाही ओढून सरळ केली. पहिलं पान समोर धरलं. परीक्षा विभागात खिडकीशी उभ्या राहिलेल्या हजारो पोरांना त्यांनी हे सांगितलं होतं, कधी पाठ थोपटत, कधी नजर चुकवत. या वेळी त्यांनी नजर चुकवली नाही.

"नकाशाशास्त्र," ते म्हणाले. "शंभरपैकी एकतीस." त्यांनी पान मांडीवर ठेवलं. "छोटी, तू नापास झालीस."

तिने मान डोलावली. तिचे डोळे भरून आले, आणि मग बावीस वर्षांच्या पोरीसारखी ती हमसून हमसून रडली. दादांनी तिला जवळ घेतलं. तिच्या पांढऱ्या केसांवरून ते हात फिरवत राहिले आणि तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने ती सरळ बसली आणि तिने नाक पुसलं.

"मग आता मी काय करू, दादा?"

"परत बस परीक्षेला," दादा म्हणाले. "तुला येतं सगळं. फक्त नदी शेवटी रंगव."